सारवलेल्या अंगणातली पावडर

जालन्यातल्या त्या खासगी प्रयोगशाळेचे मालक अवधूतसाहेब यांना विज्ञानातलं एवढंच कळायचं, की आलेखातली काडी जितकी उंच, तितकं गिऱ्हाईक खूश. यशश्रीला तिथं लागून चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात साहेबांबद्दलचा तिचा आदर धुऊन गेला होता.

आज साहेबांनी पेढे मागवले होते. समोर केदारखेड्याचे सोमेश्वरराव बसले होते, आणि त्यांच्या गुळवेल पावडरीच्या चाचणीचा निकाल टेबलावर होता. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर पावडरीचा अर्क घालायचा; पेशी चेतल्या की एक प्रथिन सोडतात, ते मोजायचं. नुसत्या पेशी गप्प राहिल्या होत्या. अर्क घातलेल्यांनी चाळीसपट प्रथिन सोडलं होतं.

“चाळीसपट प्रतिकारशक्ती!” साहेब म्हणाले. “मॅडम, करा सही. सोमवारी पाकिटं मुलींच्या वसतिगृहात जायचीत.”

सही यशश्रीचीच लागायची, कारण पदवी तिच्याकडे होती. साहेबांकडे फिरती खुर्ची होती.

“शेवटची ओळ वाचलीत का, सर?”

कशाला वाचतील! त्याच अर्कात तिनं जंतूंची घाण निकामी करणारं औषध घालून पाहिलं होतं, आणि पेशी पुन्हा चिडीचूप झाल्या होत्या. म्हणजे पेशी गुळवेलीनं नव्हे, घाणीनं चेतल्या होत्या. चोर शिरल्यावर कुत्रं भुंकलं, म्हणून घर मजबूत झालं असं कुणी म्हणत नाही. साहेब म्हणाले असते.

“ती ओळ उडवा,” साहेब म्हणाले. “कोण वाचतंय?”

यशश्रीला त्यांची किळस आली. ती सोमेश्वररावांकडे वळली. “काका, गुळवेल वाळवता कुठं?”

“आंगणात की, बाई!” त्यांची छाती फुगली. “प्लास्टिकवर बिलकुल न्हाई. रोज ताज्या शेणानं सारवायचं आन् त्याच्यावरच पसरायचं. एकदम शुद्ध काम.”

“त्या शेणातले जंतू पावडरीत उतरलेत, काका. पेशी त्यांच्यावर उठल्यात. हे पोरींच्या पोटात गेलं तर त्या आजारी पडतील. मी सही करणार नाही.”

“मॅडम, दारात शंभर पदवीवाले उभे आहेत,” साहेब गुरगुरले.

“मग त्यांतल्या एकाला आत बोलवा.” तिनं पेनाचं टोपण लावलं.

सोमेश्वरराव मात्र साहेबांकडे बघत नव्हते. त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला होता.

“माह्या नातीला आठ दिसांपासून ढाळ लागलेत,” ते हळू म्हणाले. “पाच वर्साची हाये. आमाला वाटलं, आतली घाण निघून राह्यली. मंग म्या पावडरीचा चमचा दुप्पट केला.”

“हे काही अहवालात येत नाही ना?” साहेबांनी घाईघाईनं विचारलं.

यशश्रीनं त्यांच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. सोमेश्वररावांनी पेढा खाली ठेवला आणि घरी सुनेला फोन लावला.

“पुष्पे, पोरीला आजचा चमचा देऊ नको… देला का?”