वेल्डरचं सरळ नाक

मला कुणी विचारलं, वॉल्ट, तू काय करतोस, तर मी सांगतो, मोडकी माणसं सुधारतो. माणसं म्हणजे चार इंचांची, प्लास्टिकची, १९७८ सालातली. कुणाचा पाय गेलेला, कुणाचं हेल्मेट हरवलेलं, कुणाचा घरच्या कुत्र्याने चावून चोथा केलेला. एकाचं डोकं मी दुसऱ्याच्या धडावर बसवतो, नवे पोशाख रंगवतो, अंतराळातल्या चौकीचे हरवलेले दरवाजे आइस्क्रीमच्या काड्यांतून कोरून काढतो, आणि ते घ्यायला लोक पार इंडियानातून गाडी हाकत येतात. फुशारकी नाही मारत. ओहायोत या कामात माझ्यासारखा हात नाही, हे माझे वैरीसुद्धा कबूल करतात. त्या हाताने काय करून ठेवलं ते सांगतो.

आमच्या गावात टिलमनचा खेळण्यांचा कारखाना होता. ‘आउटपोस्ट नाईन’ ही मालिका तिथली. एक चौकी आणि तिच्यावरची बावीस माणसं: कप्तान, आचारी, दोन लुटारू, एक खडूस यंत्रमानव, आणि पिवळ्या पोशाखातली एक बाई, वेल्डर. कारखाना बंद होऊन जमाना झाला, तरी अर्ध्या गावाच्या माळ्यावर ही माणसं अजून खोक्यांत पडून आहेत, कारण घरटी एक जण तरी टिलमनमध्ये होताच. माझी आई पॅकिंगला होती. समोरच्या घरातल्या मिसेस ब्रॉकमनही टिलमनमध्येच होत्या. बायका म्हणजे पॅकिंग, असं मी आपलं धरूनच चाललो होतो. चाळीस वर्षं समोरासमोर राहिलो, एकदाही विचारलं नाही.

२००९ च्या मार्चमध्ये, एका बुधवारी दुपारी, मिसेस ब्रॉकमन बिस्किटांचा डबा घेऊन माझ्या गॅरेजमध्ये आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण जिभेला धार.

‘‘काय रे वॉल्ट, लोकांची खेळणी बिघडवणं चाललंय का?’’

‘‘सुधारणं म्हणतात त्याला, मिसेस ब्रॉकमन.’’

‘‘म्हणोत बापडे. हे बघ.’’

डब्यात भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली वेल्डर होती. एक हात खांद्यापासून निखळलेला, आणि रंग? देवा रे देवा! पिवळ्या रंगाचे जाड थर, पोपडे सुटलेले, गालावर ओघळ. पोराने ब्रश घेऊन फासावा तसा.

‘‘शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये न्यायचीय हिला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हात तेवढा बसव. बाकी हिला काही करायचं नाही. कळलं?’’

‘‘थोडी साफ करू का? अशी कशी नेणार चारचौघांत?’’

‘‘वॉल्ट. हात म्हटलं ना मी? मग हात.’’

‘‘बरं, हात तर हात.’’

शनिवारी काय आहे ते मला ठाऊक होतं. आमच्या संग्राहकांच्या क्लबचा जाडजूड ग्रंथ हळूहळू तयार होत होता. बावीसच्या बावीस बाहुल्या, आणि प्रत्येकीपुढे तिचा मूळ नमुना घडवणाऱ्याचं नाव. त्याआधी जुन्या कामगारांना बोलावलं होतं, कुणाकडे काही असेल तर घेऊन या म्हणून. मला वाटलं, सगळ्या म्हाताऱ्या आपापली आठवण घेऊन येतील, कॉफी पितील, फोटो काढतील. वेल्डरपुढे कुणाचं नाव लागणार हेही ठरल्यासारखंच होतं: हॅरल्ड म्हणून कारखान्यात नमुने घडवायच्या खात्याचे साहेब होते, त्यांचं. साहेब वारले होते. नाव खोडायला कोण येणार?

हात बसवायला पंधरा मिनिटं लागली. मग ती पालथी-उताणी करून पाहिली. पायावर कारखान्याचा शिक्का नव्हता. घासून गेला असेल, म्हटलं. बोटांना जरा टणक लागली. जुनी आहे, म्हटलं. तीस वर्षं हेच केलेलं, मला कोण शिकवणार! आणि तो रंग माझ्याकडे बघत होता. माझे हात शिवशिवायला लागले. म्हटलं, हिला अशी लख्ख करून देतो की म्हातारी शनिवारी हॉलमध्ये मिरवेल, आणि मग म्हणेल, वॉल्ट, तुझं ऐकायला हवं होतं.

या मालिकेतली माणसं मऊ व्हिनाइलची. जुना रंग काढायचा तर ॲसिटोनमध्ये, म्हणजे बायका नेलपॉलिश काढतात त्यात, पाच मिनिटं बुडवायची, त्यांना काही होत नाही. शेकडो वेळा केलंय. काम सुरू करण्याआधी मी प्रत्येकाचा फोटो काढतो, पण हिचा काढला नाही. एका हाताच्या कामाला कशाला? बरणीत सोडली, झाकण लावलं, आणि घरात जाऊन कॉफी ओतून आणली.

परत आलो तर बरणीत वेल्डर नव्हती. पिवळट गढूळ पाणी, आणि तळाशी एक लिबलिबीत गोळा. चिमट्याने उचलला तर आतल्या सांगाड्याची बोटाएवढी तार लागली. मी जे हातात धरलं होतं ते व्हिनाइल नव्हतंच, ॲसिटेट नावाचं कडक प्लास्टिक होतं. त्याला ॲसिटोन म्हणजे साखरेला पाणी. आणि ॲसिटेटची बाहुली कारखाना विकत नाही. ॲसिटेटमध्ये कोरतात तो मूळ नमुना, ज्याच्यावरून साचा बनतो. जगात एकच असतो.

माझी पाचावर धारण बसली. रस्ता ओलांडायला वीस पावलं लागतात. तेव्हाच जाऊन सांगितलं असतं, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या, आणि शनिवारी आम्ही दोघं मिळून तो गोळा घेऊन उभे राहिलो असतो. मी नाही गेलो. मी ते केलं जे मला सगळ्यांत चांगलं येतं. खोक्यातून कारखान्यातली एक वेल्डर काढली, पायावरचा शिक्का पॉलिश पेपरने घासला, पिवळा रंग जाड फासला, हीटरसमोर वाळवून पोपडे आणले, गालावर ओघळ सोडला. दोन दिवस खपलो. शुक्रवारी संध्याकाळी बघितली तर मलाच फरक कळेना. लाज वाटायच्या ऐवजी मला स्वतःचं कौतुक वाटलं, हेही सांगून टाकतो.

शनिवारी सकाळी डबा बंद करूनच त्यांच्या हातात दिला.

‘‘हात बसला?’’

‘‘बसला.’’

‘‘आणि बाकी?’’

‘‘बाकी काही नाही केलं.’’

त्यांनी माझ्या गालावर थापटी मारली. ‘‘शहाणा मुलगा!’’ मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो.

हॉलमध्ये आदल्या रात्रीच्या चर्चच्या जेवणातल्या तळलेल्या माशांचा वास अजून भरून होता. साठ-सत्तर माणसं होती. क्लबचा प्रमुख ल्यूथर ड्रायर टेबलामागे व्हर्निअरची मोजपट्टी आणि भिंग घेऊन बसलेला. माणूस भला, पण शिंक आली तरी पुरावा मागेल. मिसेस ब्रॉकमननी निळा कोट घातला होता, केस सेट करून घेतले होते. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘वेल्डर मी घडवली. हॅरल्डने नाही. हा तिचा मूळ नमुना. रंगाकडे बघू नका, तो माझ्या मुलीने फासलाय, पाच वर्षांची होती.’’

हॉल हसला.

‘‘ही माझी आई आहे,’’ त्या सांगत होत्या. ‘‘युद्धाच्या वेळी नदीवरच्या गोदीत जहाजं जोडायची. पत्रा लागून नाक मोडलं होतं तिचं. मी तसंच घडवलं. हॅरल्ड म्हणाला, मोडक्या नाकाची बाहुली कोण घेईल? साचा करताना त्याने नाक सरळ केलं आणि कागदावर स्वतःचं नाव घातलं. मी तेव्हा बोलले नाही. मुलगी लहान होती, नोकरी हवी होती.’’

ल्यूथर नम्रपणे म्हणाला, ‘‘मिसेस ब्रॉकमन, आम्हाला काहीतरी दाखवता येण्याजोगं—’’

‘‘मोज ना मग!’’ त्या म्हणाल्या. ‘‘मोजपट्टी काय शोभेला आणलीस? व्हिनाइल थंड होताना आखडतं. म्हणून मूळ नमुना नेहमी थोडा उंच कोरावा लागतो. दुकानातली वेल्डर ठेव शेजारी आणि मोज.’’

हे मला ठाऊक होतं. या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आणि दोन दिवस मी पोपडे आणि ओघळ करत बसलो, उंचीचा विचारच डोक्यात आला नाही.

ल्यूथरने दोन्ही बाहुल्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. केसाचाही फरक नव्हता. भिंगातून पायाकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘‘शिक्का घासलेला आहे, मिसेस ब्रॉकमन. ही कारखान्यातलीच आहे. कुणीतरी रंगवलेली.’’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘अरेरे, आजीबाई!’’ हसण्याचा आवाजही आला, फार नाही, दोन-तीन जणांचा.

त्यांनी बाहुली हातात घेतली. चष्मा नव्हता लावलेला. अंगठा तिच्या नाकावरून फिरवला, आणि पुन्हा फिरवला. मग मान वर करून सगळ्या हॉलमध्ये मला शोधलं.

मी तिसऱ्या रांगेत होतो. उठायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, ल्यूथर, थांब, ते माझं काम आहे. पण माझ्या शेजारी, पुढे, मागे माझी गिऱ्हाइकं बसली होती, ज्यांनी आपापली आख्खी खोकी विश्वासाने माझ्याकडे सोपवली होती. मी उठलो नाही. बुटांकडे बघत राहिलो. त्यांनी बाहुली फडक्यात गुंडाळली, डबा बंद केला, आणि बाहेर जाताना माझ्या खुर्चीपाशी क्षणभर थांबल्या.

‘‘हात छान बसवलास, वॉल्ट,’’ त्या म्हणाल्या.

ना आरडाओरडा, ना शिवी. त्या शेवटपर्यंत समोरच राहिल्या, बर्फ पडलं की मी त्यांची पायवाट साफ करत राहिलो, त्या खिडकीतून हात करत राहिल्या. दोन वर्षं मी रोज ठरवत होतो, आज सांगतो. डरपोक माणसाला उद्या फार असतात. २०११ च्या जानेवारीत त्या गेल्या. दफन झाल्यावर त्यांची मुलगी ग्वेन तोच बिस्किटांचा डबा घेऊन माझ्या दारात आली.

‘‘आईने सांगितलं होतं, ही वॉल्टची आहे, त्याला परत दे,’’ ती म्हणाली. ‘‘पण ही तर आईची ना? तुमची कशी?’’

तिला मी तिथेच, दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, ‘‘रंग मी लावला होता. आई किती हसली होती तेव्हा!’’ आणि निघून गेली. त्यानंतर तिने माझा फोन कधी उचलला नाही. कशाला उचलेल?

दुसऱ्या दिवशी मी जपून ठेवलेला तो बरणीतला गोळा, ती खोटी बाहुली आणि चार पानी कबुलीजबाब घेऊन ल्यूथरकडे गेलो. त्याने गोळा भिंगाखाली धरला, बराच वेळ.

‘‘ॲसिटेट आहे खरं,’’ तो म्हणाला.

‘‘मग? मी काय सांगतोय इतका वेळ!’’

‘‘ॲसिटेट बाजारात मिळतं, वॉल्ट. तुझा हात मला माहीत आहे. तू काहीही बनवू शकतोस, वितळलेला गोळासुद्धा. शेजारीण गेली, तुला वाईट वाटतंय, मला कळतं रे. पण याच्यावर मी कुणाचं नाव कसं छापू?’’

मी त्याला शिव्या घातल्या. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. ग्रंथ निघाला. वेल्डरच्या पानावर हॅरल्डसाहेबांचं नाव आहे, फोटोसकट.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी ॲसिटेटचा तुकडा घेऊन बसतो आणि ती पुन्हा कोरायला घेतो. उंची बरोबर येते. पोशाखाच्या घड्या येतात, खांदे येतात. मग चेहऱ्याशी येऊन थांबतो. नाक डावीकडे वळलेलं होतं की उजवीकडे? वरून चेपलेलं, की मधे उंचवटा? ती त्या दुपारी माझ्या हातात होती, दिव्याखाली, या डोळ्यांसमोर. मी फक्त तिचा रंग कुठे कुठे खराब झालाय तेवढंच बघत होतो. नाकाकडे माझं लक्षच गेलं नाही.