दोन बाणांचं बटण

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. माझ्यावरचे चार आणि सात हे आकडे पुसून गेलेत, पण अंगावरची प्लॅस्टिकची पिशवी मात्र शाबूत आहे. शारजातल्या या घरात टीव्हीबरोबर खोक्यातून आलो, त्याच दिवशी घरच्या बाईने, लतिकाने, ती मला चढवली आणि वर रबरबँड लावला. "तेलकट हात लागतील," म्हणाली.

कारखान्यात माझं एकेक बटण दाबून तपासलं होतं. सगळ्यांत भक्कम निघालं ते दोन बाणांचं, चित्र भराभर पुढे नेणारं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! मूर्ख कुठला!

पुढे बारा वर्षं राबलो. क्रिकेट, कार्टून, बातम्यांतली भांडणं, सगळं केलं. सेल उतरले की मला तळहातावर आपटायचे. हरवलो की घर डोक्यावर घ्यायचे, आणि सापडलो की पुन्हा सोफ्याच्या फटीत! कौतुक म्हणाल तर पाहुण्यांसमोर एकदाच झालं, "ओरिजिनल आहे हं!" एवढंच.

लतिकाचा नवरा उल्हास दुबई मरीनातल्या ऑफिसात कामाला जातो. जाता-येता दोन-दोन तास बस ट्रॅफिकमध्ये अडकते. त्या बसमध्ये त्याला एक खूळ लागलं. सहा महिने खपून त्याने एका जुन्या, काळ्यापांढऱ्या फ्रेंच चित्रपटाचे सगळे संवाद, पडद्यावर खाली वाचता येतील असे, मराठीत लिहिले. कैदी तुरुंगाची जमीन फोडून पळायला बघतात, एवढीच गोष्ट. गाणं नाही, मारामारी नाही. पण उल्हासचा जीव त्यात अडकला होता.

"मराठी मंडळातल्या एका माणसाने जरी अख्खा बघितला ना, तरी मी जिंकलो," तो लतिकाला म्हणाला.

"जिंक बाबा. मला पन्नास वडे तळायचेत," ती म्हणाली.

रविवारी दुपारी मराठी मंडळाची चौदा माणसं तो चित्रपट बघायला घरी आली. अध्यक्ष राजाभाऊ वयाने मोठे, म्हणून सोफ्याची मधली जागा त्यांची आणि मीही त्यांच्याच हातात. मोठ्या माणसाच्या हातून रिमोट काढून घ्यायचा तरी कसा?

पडद्यावर कैदी जमीन फोडू लागले. घाव, घाव आणि घाव. पाच मिनिटांत लोकांचे मोबाइल बाहेर आले.

"बाहेर पडून राहणार कुठे हे? व्हिसा कोण देणार?" मंडळातला सुजीत म्हणाला. सगळे हसले, जरा जास्तच वेळ हसले.

"बाबा, इट्स सो स्लो," उल्हासची मुलगी मिहिका कुरकुरली.

"यल्ला उल्हास, चल पुढे, तासभर खणणार आहेत का?" राजाभाऊंनी दोन बाणांचं बटण दाबलं. कैदी माकडांसारखे टुणटुण हलू लागले, आणि लोकांना पहिल्यांदाच मजा आली.

"राजाभाऊ, प्लीज! तोच तर पिक्चर आहे," म्हणत उल्हासने मला काढून घेतलं आणि चित्र मागे नेलं. माझा ऊर भरून आला. शाब्बास रे पठ्ठ्या!

पण तेवढ्यात दोन जोडपी उठली. "ट्रॅफिक लागेल हो," म्हणाली. राजाभाऊंनी घड्याळ बघितलं. उल्हासने एकेकाचा चेहरा बघितला, आणि मित्रांनो, त्याने स्वतःच ते बटण दाबलं. दाबून धरलं! खणणं गेलं, भुयार गेलं. बसमध्ये लिहिलेल्या शेकडो ओळी वाचताही येणार नाहीत अशा वेगाने निघून गेल्या. राजाभाऊंचा मला राग आला होता. उल्हासची मला लाज वाटली.

शेवटची दहा मिनिटं दाखवून त्याने टीव्ही बंद केला.

"वेगळा होता हं, छान होता," म्हणत मंडळी वड्यांकडे वळली. ताटात जेमतेम बारा वडे.

"वहिनी, एवढेच?" राजाभाऊंनी विचारलं.

सोफ्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात लतिका उभी होती. हातात झारा आणि गॅस केव्हाचा बंद. राजाभाऊंकडे तिचं लक्षच नव्हतं.

"अरे, पुढे का नेलास?" ती उल्हासला म्हणाली. "मी पहिल्यापासून बघत होते."

उल्हासने मला टीपॉयवर उपडं ठेवलं आणि चहा विचारायला गेला.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. पण लोक कंटाळले म्हणून आपलंच काम आपल्या हाताने पुसून टाकण्याआधी एकदा मान वळवून मागे बघा. उल्हासने बघितलं नाही.