फलकाची मेमरी कुणी खाल्ली

दुपारी तीनच्या सुमाराला सिंगापूरच्या फेरीबोटींच्या टर्मिनलवरचा फलक बंद पडायचा. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. सकाळी चालू केला की जेवणाच्या वेळेपर्यंत गुणी बाळासारखा चालायचा. मग समोरच्या इंडोनेशियातल्या बाताम बेटावर जाणारे सहलींचे गट यायला लागले की अडखळायचा, आणि तीनच्या आसपास काळाठिक्कर. त्यावर कुठल्या प्रवाशानं कुठल्या गेटला जायचं ते नावानिशी दिसायचं. तो गेला की सहलीच्या गाइडबाया हातात याद्या धरून नावं पुकारत फिरायच्या, आणि टर्मिनलच्या मॅनेजरचा फोन समोरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर मिस्टर को यांना यायचा.

मिस्टर कोंची कंपनी अकरा माणसांची. फलकाचं काम त्यातल्या दोघांनी केलं होतं. प्रवाशांच्या याद्या सांभाळणारा प्रोग्रॅम सुनेत्राताईंचा. त्या पुण्याच्या, सिंगापुरात बारा वर्षं झालेल्या, कामाला चोख आणि बोलायला रोखठोक. पडद्यावर अक्षरं काढणारा भाग आणि खालचं लिनक्स धम्मानंदचं. तो नागपूरचा, येऊन दोनच वर्षं झाली होती. २००४ साल चालू होतं.

फलकाच्या डब्यात मेमरी सोळा एमबी, त्यातली निम्म्याहून जास्त लिनक्स आणि पडद्यालाच लागायची. दुपारपर्यंत ती भरते हे सगळ्यांना दिसत होतं. सुनेत्राताईंचा प्रोग्रॅम ती भरतो हेही दिसत होतं. फक्त धम्मानंदचा अक्षरांचा भाग त्याच प्रोग्रॅमच्या पोटात बसलेला होता, त्यामुळे दोघांतलं नेमकं कोण खातंय ते कळत नव्हतं.

लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रोग्रॅमसाठी ‘मॅप्स’ नावाची एक फाइल दिसते. ती डिस्कवर नसतेच. कुणी उघडली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या क्षणी लिहून देतो: या प्रोग्रॅमला इथून इथपर्यंतची जागा दिलीय, ती अमक्या कामासाठी. धम्मानंदनं ती शुक्रवारच्या मीटिंगमध्ये उघडून दाखवली. सर्वांत मोठी ओळ सुनेत्राताईंच्या यादीची होती, नऊ एमबीची. त्याच्या चिनी अक्षरांच्या फाइलची ओळ सातची.

“नऊ,” तो म्हणाला. त्यानं सुनेत्राताईंकडे पाहिलं.

“मी जागा मागून ठेवते,” सुनेत्राताई म्हणाल्या. “सणासुदीला प्रवासी वाढतात म्हणून. सगळी वापरत नाही.”

“हे सिद्ध कसं करणार, ताई?”

“तू कसं करणार?”

मिस्टर कोंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मराठी त्यांना कळत नव्हतं, सूर मात्र कळला. “मंगळवारी मला उत्तर पाहिजे. कॅन?” त्यांनी सिंगापुरी थाटात विचारलं, म्हणजे जमेल ना?

“कॅन,” दोघं एकदम म्हणाले.

शनिवारी सकाळी घराजवळ बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, नाश्त्याला बसल्यावर धम्मानंदनं ही सगळी कहाणी बायकोला सांगितली.

“कर्नलला विचार ना मग,” विनीता म्हणाली. “लष्करातला असेल तर खरं बोलेल.”

“तो कर्नल नाही गं. मशीनच्या आतला, सगळ्यांना जागा वाटून देणारा. त्याच्याकडे यादी आहे. पण आपल्या ब्लॉकच्या यादीत कसे एकशे वीस फ्लॅट असतात? त्यातले किती रिकामे, ते यादीवरून थोडंच कळतं?”

विनीतानं पराठ्याचा तुकडा रश्शात बुडवला. “खाली उभं राहायचं आणि वर बघायचं. ज्या खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळतायत तिथे माणसं राहतात.”

धम्मानंदला तिथेच सुचलं. जागेचं कुठलं पान, म्हणजे कुठला लहान तुकडा, खरोखर मेमरीत आहे आणि कुठलं नुसतं नावावर आहे, हे कर्नलला माहीत असतंच. त्याशिवाय त्याचं कामच चालणार नाही. तो सांगत नाही, कारण कुणी विचारलेलं नाही. मग ‘मॅप्स’च्या शेजारी दुसरी फाइल का असू नये? प्रत्येक ओळीखाली लिहिलेलं: दिलेली जागा इतकी, त्यातली खरी वापरात इतकी, आणि या प्रोग्रॅमनं स्वतः बदललेली इतकी.

शनिवारची दुपार आणि आख्खा रविवार त्यानं कर्नलचा कोड उघडून काढला. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मशीन जागीच गोठलं. दुसऱ्यांदा आकडे उणे आले. रविवारी संध्याकाळी नवी फाइल पहिल्यांदा नीट उघडली, तेव्हा त्यानं विनीताला हाक मारून पडदा दाखवला आणि तिनं काही न कळता तोंडभरून कौतुक केलं. त्या आनंदात त्यानं मिस्टर कोंना पाठवायचा मेलही लिहून ठेवला. सुनेत्राताईंच्या यादीसमोर कुठला आकडा टाकायचा तेवढी जागा मोकळी सोडली.

सोमवारी तो लॅपटॉप घेऊन टर्मिनलवर फलकाच्या मागे स्टूल टाकून बसला. अकरा वाजता पाहिलं: सुनेत्राताईंचे नऊ एमबी, त्यातले खरे वापरात सहाशे केबी. यादी मोठी, माणसं मोजकी. दुपारी वाढेल, असं तो मनाशी म्हणाला. एक वाजता सातशे. अडीचला सातशेच.

आणि खालची ओळ? अकरा वाजता चिनी अक्षरांची फाइल तीनशे केबी. एक वाजता अडीच एमबी. अडीचला पाच. सगळी ‘बदललेली’ या सदरात.

धम्मानंदनं अक्षरांचा आपला कोड उघडला. बिघाडाचं कारण त्याला लगेच समजलं. पडदा उभा बसवायचा होता, म्हणून प्रत्येक अक्षर आडवं फिरवायला लागायचं, आणि ते तो जागच्या जागी, फाइलच्या मेमरीतल्या पानावरच फिरवत होता. पान बदललं की कर्नल त्याची वेगळी प्रत करून देतो, आणि ती प्रत मग टाकून देता येत नाही. इंग्रजी अक्षरं एका पानात मावतात. चिनी नावांचं तसं नाही. नवा प्रवासी, नवं अक्षर, नवं पान. त्यानं चाचणी घेतली होती ती त्याच त्या वीस नावांवर.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. गुपचूप केली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यानं आकडे जपून ठेवले. मग फलक नेहमीसारखा काळा पडला, गाइडबायांनी याद्या काढल्या, आणि तो उठून सहाव्या मजल्यावर गेला.

“ताई, जरा बसा,” तो म्हणाला आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

सुनेत्राताईंनी चष्मा वर सरकवला, आकडे वाचले, पुन्हा वाचले.

“म्हणजे तुझं.”

“माझं.”

“तीन दिवस मी माझी यादी उकरतेय. रविवारी मुलीला पोहायला नेलं आणि काठावर बसून प्रिंटआउट वाचत होते.” आणि मग त्या हसायलाच लागल्या, इतक्या की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं मान वळवली. “स्वतःला पकडायला एवढी खटपट कोण करतं रे?”

“मला तुम्हाला पकडायचं होतं,” तो म्हणाला. “मेलही लिहून ठेवलाय.”

“दाखव.”

त्यानं दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला, दोन ठिकाणी इंग्रजी सुधारलं आणि म्हणाल्या, “आता माझं नाव काढून तुझं घाल आणि पाठव.”

त्यानं तसंच केलं. मग अक्षरांची फाइल फक्त वाचण्यापुरती उघडली, आणि अक्षर फिरवायला बाजूला एक लहानशी जागा घेतली. तेवढंच.

मंगळवारी पावणेतीनला मिस्टर को स्वतः खाली उतरले. तिघं फलकासमोर उभे राहिले. तीन वाजले, सव्वातीन झाले. चाळीस जणांचा एक गट आला. नावं एकेक करून वर चढत गेली, टोप्या घातलेल्या आज्यांनी बोटं दाखवून आपापली शोधली आणि त्या गेटकडे निघाल्या.

“तुझी चूक होती,” मिस्टर को म्हणाले.

“हो.”

“तूच शोधलीस.”

“हो.”

“ती नवी फाइल बाकीच्या सगळ्या मशीनवर घाल,” म्हणून ते लिफ्टकडे गेले.

सुनेत्राताई मागे राहिल्या. “माझ्या तिकिटांच्या प्रोग्रॅमवर आधी,” त्या म्हणाल्या. “तो बरेच दिवस फुगलाय. कुणाला बोलले नव्हते.”

धम्मानंदनं तिथेच स्टूल ओढलं आणि लॅपटॉप उघडला. नव्या फाइलला नाव काय द्यायचं यावरून दोघांचं जे सुरू झालं, ते चारची फेरी सुटली तरी चालूच होतं.