बिब्याचा ओंडका

"आवं, ह्यो आंबा न्हाय की," खड्ड्यातून बसव्वा ओरडली. "वास येगळाच हाय. भुसा चावतोय लई."

"वढ गं तू," वरून चनमल्लप्पा म्हणाला. "साल बघितलीय मी."

करवत पुन्हा वरखाली होऊ लागली. सोलापुरात बाळीवेशीपलीकडं चनमल्लप्पाच्या घरामागं हा खड्डा होता. त्यावर आडवा ओंडका, वर नवरा, खाली बायको. सतरा वर्षं दोघं असेच फळ्या पाडत आले होते. सुतार साल काढलेलं लाकूड आणून चनमल्लप्पापुढं टाकत. तो एक ढलपी काढायचा, हुंगायचा आणि नाव सांगायचा. लिंब, बाभूळ, चिंच, शिसव. त्याचं नाव चुकलं असं कुणी ऐकलं नव्हतं.

हा ओंडका ट्रकवाल्या अल्लाउद्दीननं घाटाकडून आणला होता. कापताना आतून काळा चीक पाझरला. पावसात भिजलेलं लाकूड असेल, असं म्हणून चनमल्लप्पानं तो फडक्यानं पुसला. संध्याकाळपर्यंत पाच फळ्या झाल्या. बसव्वा वर आली तेव्हा मान आणि दंड खाजवत होती. विहिरीवर अंग धुऊन, भाकरी न खाताच ती झोपली.

सकाळी त्यानं तिला हाक मारली. तिनं तोंड वळवलं आणि चनमल्लप्पाच्या हातातला तांब्या खाली पडला. डोळे कुठं आहेत ते कळत नव्हतं. गाल सुजून तकतकीत झाले होते, गळ्यावर पाण्यानं भरलेले फोड.

"उजाडलं का?" तिनं विचारलं.

ऊन तर उंबऱ्याच्या आत आलं होतं.

टांग्यानं त्यानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोड बघितले, त्याच्या बोटांवरचे दोन काळे डागही बघितले.

"बिबा उतलाय. बिब्याचं झाड कापलंत काय?"

बिबा म्हणजे वाण्याकडं मिळणारी काळी बी, एवढंच चनमल्लप्पाला ठाऊक. त्याचं झाड सोलापूरच्या या माळरानात त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आणि जे बघितलं नव्हतं, त्याला त्यानं बेधडक आंबा म्हटलं होतं. 'वढ गं तू.' स्वतःचाच आवाज त्याच्या कानात वाजला. बसव्वाला खाटेवर घेतलं, तसा तो तिच्या उशाशी खाली बसला.

खाटेवरून बसव्वानं चाचपडत त्याचा हात शोधला.

"कसलं झाड व्हतं ते?"

तो म्हणाला, "बिब्याचं."

"तरीच," ती म्हणाली. "आंब्याचा वास न्हवताच त्यो." आणि तिनं कूस बदलली.

अठरा दिवसांनी ती घरी आली. नजर शाबूत होती. गळ्यावर मात्र काळे चट्टे कायमचे राहिले. फळ्या आणि उरलेला ओंडका त्यानं माळावर नेऊन खोल पुरले, कुणी चुलीत घालू नये म्हणून.

महिन्यानंतर सोमलिंग सुतार बैलगाडीतून एक मोठा ओंडका घेऊन आला.

"कसलं हाय वो, चनमल्लप्पा?"

त्यानं ढलपी काढली. नाकाशी नेली नाही. दारात जोंधळे निवडत बसलेल्या बसव्वापुढं नेऊन धरली. सोमलिंगला हसू आलं. पण चनमल्लप्पा तसाच वाकून उभा होता, म्हणून त्यानं हसू आवरलं.

बसव्वानं सावकाश वास घेतला. ढलपी मोडून पुन्हा घेतला.

"चिंच."

चनमल्लप्पानं मान हलवली. डोक्याचा पटका सोडून नाकातोंडावर गुंडाळला आणि खड्ड्यात उतरला. बसव्वानं सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि करवतीची वरची मूठ धरली.