पंखा बदलल्यावर

सुताराच्या कॉम्प्युटरचा पंखा शेवटी लाकडाच्या भुशानेच खाल्ला. कॉम्प्युटर ठेवलाच होता करवतीच्या मशीनजवळ. दिवसभर भुसा उडायचा आणि पंखा तो आत ओढायचा. आधी तो घरघरायला लागला, मग अडखळायला लागला, आणि एका सकाळी फिरलाच नाही.

एरवी सुताराचं कॉम्प्युटरवाचून काही अडत नव्हतं. त्याला टेप आणि कानावरची पेन्सिल पुरायची. पण वरच्या खोलीत त्याची बायको अंथरुणाला खिळून होती. अर्धांगाच्या झटक्यात तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरले डोळे आणि डावा हात. घशात कफ अडकला की तिला स्वतःहून कुशीवर वळता येत नसे. कुणीतरी लगेच वळवून पाठ थोपटायला हवी. डॉक्टर म्हणाले होते, "त्या वेळी मला फोन करत बसू नका. मी येईपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. जे करायचं ते तुम्हीच करायचं."

तिच्या हाताशी घंटी ठेवून पाहिली. पण खाली करवत सुरू असली की घंटीच काय, दारात बँड वाजला तरी ऐकू येत नसे. मग तिच्या धाकट्या भावाने तोडगा काढला. हा भाऊ लहानपणी गुटगुटीत होता म्हणून त्याला सगळे ढब्बू म्हणायचे. आता पार काडी झाला तरी नाव काही वाळलं नाही. तो एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. तिथला जुना कॉम्प्युटर त्याने आणला, पलंगासमोर कॅमेरा लावला आणि वायर जिन्यावरून खाली सोडली. तेव्हापासून सुतार काम करता करता मान वळवून स्क्रीनकडे बघायचा. बायकोने हात वर केला की करवत बंद करायची आणि जिना चढायचा. सहा महिने हे बिनबोभाट चाललं होतं.

पंखा गेला त्या दिवशी ढब्बू नेमका बाहेरगावी.

"दाजी, मी तीन दिवसांनी येतोय, तोवर हात लावू नका," तो फोनवर म्हणाला.

"तोवर मी काय जिन्यात बसू? पंखा बदलायचाय. विमान नाही दुरुस्त करायचं."

सुताराने बाजारातून नवा पंखा आणला आणि कॉम्प्युटरचा डबा उघडला. पंख्याखाली पात्यापात्यांचा एक धातूचा ठोकळा होता. त्या पात्यांत भुसा उशीत कापूस भरावा तसा ठासला होता. तो नीट निघेना म्हणून त्याने ठोकळाच सोडवला. ठोकळ्याच्या बुडाला आणि खालच्या चौकोनी चिपवर पांढरट, वाळलेला थर होता. सुताराने तो नखाने उकरून पाहिला आणि त्याला वाटलं, हा जुना सरस.

खुर्चीचा निखळलेला सांधा पुन्हा जोडायचा तर आधी जुना सरस पार खरवडून काढावा लागतो. तो राहिला तर सांधा बसत नाही. हे त्याच्या हातांना शिकवावं लागत नव्हतं. त्याने थर हलक्या हाताने खरवडला, मग थिनरच्या फडक्याने दोन्ही बाजू आरशासारख्या लख्ख पुसल्या. नवा सरस लावावा का, असं क्षणभर मनात आलं. पण स्क्रू होतेच की! स्क्रूने आवळल्यावर सरस कशाला?

कॉम्प्युटर सुरू झाला. नव्या पंख्याचा आवाज इतका कमी की कान लावावा लागला. स्क्रीनवर बायको दिसली, डोळे मिटलेली, छाती हलताना दिसत होती. सुताराचा जीव भांड्यात पडला.

दुपारी तो वर गेला, तिला चमच्याने पाणी पाजलं, उशी सारखी केली आणि खाली आला. हात पुसत त्याने सवयीने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिथेच उभा राहिला. स्क्रीनवर तो अजून वरच होता. पाठ वाकलेली, हातात चमचा, बायकोच्या ओठांपाशी. तो खाली उभा राहून स्वतःला वर पाणी पाजताना बघत होता.

माणूस चक्रावला की आधी भलतंच काही मनात येतं. त्याने मागे वळून जिन्याकडेही पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं, स्क्रीनवरचा चमचा हलत नव्हता. माउस हलवला तरी बाण जागचा हलेना. कॉम्प्युटर हँग झाला होता.

बंद करून पुन्हा लावला. सुरू झाला, चालला. अर्ध्या तासाने पुन्हा हँग.

सुताराला वाटलं, करवत वीज ओढते म्हणून होत असेल. त्याने कॉम्प्युटरची पिन दुसऱ्या प्लगला लावली. वायर शोधण्यात आणि टेबल सरकवण्यात बराच वेळ गेला, तेवढी बंद मशीनला विश्रांती मिळाली, त्यामुळे ते छान चालायला लागलं. "सापडलं," तो स्वतःशीच म्हणाला. त्याने दाराची एक चौकट कापून काढली, आणि मान वळवली तर पुन्हा तेच. या वेळी करवत बंद असताना.

मग त्याच्या मनात दुसराच विचार आला. मघाशी तो स्वतः चित्रात होता म्हणून कळलं. ती एकटीच झोपलेली असताना चित्र थांबलं तर कळणार कसं? झोपलेलं माणूस हलतं ते किती? जुना पंखा निदान बोंब मारून मेला. हे चित्र थांबायचं ते गुपचूप, आणि थांबल्यावर आधीपेक्षा शांत दिसायचं.

पुढचे दोन दिवस त्याने एकही काम धड केलं नाही. जरा रंधा मारायचा, माउस हलवून बघायचा, वर जायचा, खाली यायचा. बायको त्याच्याकडे बघायची. एवढ्या चकरा कशासाठी, असं तिच्या डोळ्यांत असायचं. "काही नाही गं, पाय मोकळे करतोय," तो म्हणायचा. मशीन बिघडलंय हे त्याने तिला सांगितलं नाही. उगाच घाबरेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी ढब्बू आला. आधी वर जाऊन बहिणीच्या गालाला हात लावून आला, मग खाली येऊन मांडी ठोकून बसला.

"काय दाजी, डॉक्टर झालात म्हणे! ऑपरेशन यशस्वी, पेशंट गार?"

"तोंड कमी चालव. हात चालव."

ढब्बूने मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून परत बसवल्या. वायरी दाबून बघितल्या. डब्याचं एका बाजूचं झाकण काढून तसंच मशीन सुरू केलं. स्क्रीनवर बायको दिसली. ती झोपेला आली होती.

"पंखा तर भिंगरीसारखा फिरतोय," ढब्बू म्हणाला. "तापत असेल म्हणावं, तर…" त्याने ठोकळ्याला बोट लावलं. "हात लावून बघा."

सुताराने हात लावला. ठोकळा थंड होता. तासभर चाललेली करवतीची मोटर हाताला चटका देते. हा तर सावलीतल्या दगडासारखा लागत होता.

"मग गरम होत नाहीये," सुतार म्हणाला. "म्हणजे पंखा बरोबर बसलाय."

"बसलाय हो, तुम्ही बसवल्यावर न बसून जातो कुठे? आमच्या अक्कालासुद्धा तुम्ही असंच वळणावर आणलंत."

"तिने मला आणलं. तू तेव्हा शेंबूड पुसत होतास."

दोघं हसले. पुष्कळ दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं होतं. ढब्बूने वर स्क्रीनकडे बोट केलं. "बघा, आपण बोंबलतोय आणि बाईसाहेब निवांत."

मग वायरवर संशय गेला. जिन्यावरून आलेली वायर कुठे चेपली का, हे दोघांनी खालून हात फिरवून पाहिलं. काही सापडलं नाही. शेवटी ढब्बूने त्याच्या ओळखीच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"पंखा बदलला, तेव्हापासून हँग होतोय. पंखा फिरतोय. ठोकळा एकदम थंड आहे."

"थंड?" पलीकडचा माणूस म्हणाला. "थंड असायला नको. खालच्या चिपची गरमी ठोकळ्यात चढायला पाहिजे. ठोकळा थंड म्हणजे खाली निखारा आहे. मधली पेस्ट लावली का?"

"कसली पेस्ट?"

"पांढरी असते. चिप आणि ठोकळ्याच्या मधे. तिच्यातूनच गरमी वर जाते."

ढब्बूने सुताराकडे पाहिलं. सुताराचा चेहरा उतरला.

"ती मी खरवडली," तो म्हणाला. "मला वाटलं, सरस आहे."

"झालं तर मग. मशीन आत्ता सुरू आहे का?"

"आहे."

"किती वेळ?"

"झाला की बराच."

"मग एव्हाना हँग असणार. माउस हलवून बघा."

ढब्बूने माउस हलवला. बाण हलला नाही. स्क्रीनवर बायको निवांत झोपली होती. ढब्बूने मान वर केली तोवर सुतार जिन्यात पोचला होता.

ती पलंगावर खाली घसरली होती. ओठ निळे. डावा हात वर नव्हता, पण खाली पडलेलाही नव्हता. तिने तो भिंतीला टेकवून ठेवला होता, पंजा उघडा, कॅमेऱ्याच्या बाजूला. सुताराने तिला कुशीवर वळवलं, तोंडात फडकं घालून कफ ओढला, पाठीवर थापा मारल्या. काही होईना. ढब्बू दारात "अक्का, अक्का" करत उभा होता. सुताराने पुन्हा थाप मारली, सांध्यात खुंटी बसवताना मारतो तशी, आणि तिच्या छातीतून फाटल्यासारखा आवाज येऊन श्वास सुरू झाला.

ओठांवर रंग यायला वेळ लागला. तिने डोळे उघडले ते दाराकडे नाही, नवऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे. कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा लागलेला होता. तो बसवला त्या दिवशी सुतारानेच तिला सांगितलं होतं, "हा दिवा लागला की समज, मी बघतोय." मशीन खाली हँग झालं तरी दिवा काही विझला नव्हता.

"अगं, मला दिसलं नाही," सुतार म्हणाला. "चित्र थांबलं होतं. आईशप्पथ, मला दिसलं नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ. मग डोळे मिटले.

ढब्बूने त्याच दिवशी पेस्ट आणून लावली. स्क्रीनवर सेकंदांचे मोठे आकडेही लावले. आकडे पळत असले म्हणजे चित्र चालू. पुढे ठोकळा नीट तापायला लागला आणि मशीन एकदाही थांबलं नाही. ढब्बूने उरलेल्या पेस्टची डबी वर नेऊन बहिणीला दाखवली. "अक्का, एवढ्याशा चिकट गोळ्याने घोटाळा केला गं. दाजींची चूक नाही." ती डबीकडे बघत राहिली. तिला किती कळलं, ते तिचं तिला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सुताराने करवत सुरू केली आणि मान वळवली. आकडे पळत होते. ती जागी होती, तोंड भिंतीकडे. हात चादरीवर. दुपारपर्यंत हात चादरीवरच. पाणी पाजायची वेळ झाली म्हणून तो वर गेला तर तिचं अंथरूण ओलं होतं, कधीचं कोण जाणे. एरवी अशा वेळी ती हात वर करून करून त्याला बेजार करायची.

"हात का नाही वर केलास?" त्याने विचारलं. तिने मान फिरवली नाही. त्याने तिचा डावा हात उचलून वर धरला, दाखवल्यासारखा. "असा. असा कर की." सोडल्यावर हात होता तसा खाली आला.

तिसऱ्या दिवशीही आकडे पळत होते आणि चित्र हलत नव्हतं. सुतार करवतीपाशी उभा राहिला आणि त्याला फळी लावायचा धीर होईना.

त्याने चौकटींची कामं परत केली. करवतीवर ताडपत्री टाकली. एक लहान टेबल वर नेलं, पलंगाच्या पायथ्याशी लावलं, आणि हाताने होतील तेवढीच कामं घेतली: पाट, पेट्या, खुर्चीचे पाय. आता तो तिथेच रंधा मारतो. दोन हात मारायचे, थांबायचं, श्वास ऐकायचा. ऐकू आला की पुन्हा दोन हात. एक पाट व्हायला दिवस जातो.