छत्रीला बांधलेला झाप

देवबागच्या त्या वाडीत टीव्हीच्या डिशला सगळे छत्री म्हणत. हे नाव ठेवणाऱ्याचे पाय धुऊन पाणी प्यावं. मे महिन्यात, आभाळात औषधालाही ढग नसताना, ही छत्री जगभरच्या वाहिन्या दाखवी आणि पाऊस सुरू झाला की मान टाकी. पावसात न चालणारी छत्री माणसाने विकत घ्यावी आणि वर छपरावर मिरवावी, ही प्रगती आधी कुठे होती?

बाबली तांडेलाला मात्र ही खोड खपेना. होडी चालवण्यात हयात गेलेला माणूस. भिजली की वस्तू बिघडते, एवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं. म्हणून पहिला पाऊस पडताच पडवीला आडोसा म्हणून माडाच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, झाप बांधताना त्याने एक झाप छत्रीलाही बांधला. घट्ट विणलेला, सुंभाने आवळलेला. छत्री कोरडीठाक राहिली. टीव्हीवर त्या दिवसापासून 'सिग्नल उपलब्ध नाही' हा एकच कार्यक्रम सुरू झाला, तोही न चुकता. बाबलीने पावसाला शिव्या घातल्या आणि विषय संपवला.

गोची झाली ती ऑगस्टात. त्याची मुलगी जान्हवी मुंबईला एका बातम्यांच्या वाहिनीत नोकरीला होती, इतके दिवस पडद्यामागे. त्या सकाळी तिने आईला फोन केला. संध्याकाळच्या बातम्यांत हवामान ती सांगणार होती, पहिल्यांदाच. आणि हवामान काय, तर सिंधुदुर्गाला लाल इशारा. म्हणजे वादळी पावसाची बातमी घरचीच मुलगी सांगणार आणि वादळी पाऊस म्हणून ती घरच्यांनाच दिसणार नाही. मोबाइलवर बोलणं कसंबसं होई, पण चित्र काही हलत नव्हतं.

"वारो-पाऊस आता चेडू माका सांगतला?" बाबली गुरगुरला. मुलीने मुंबईला जाऊ नये म्हणून त्याने थयथयाट केला होता, आणि ती गेली तेव्हा कुडाळ स्टेशनवर सोडायलाही गेला नव्हता. तेव्हापासून बापलेकीत अबोला. आपलं चुकलं हे त्याला केव्हाच कळलं होतं आणि ते त्याला आतून खात होतं. पण कबूल करील तर तो बाबली कसला!

दुपारी शेवंतीने छत्रीच्या कंपनीला फोन लावला, तेव्हा बायकोला यातलं काय कळतं म्हणून बाबलीने तो तिच्या हातातून ओढून घेतला.

"सर, डिशसमोर काही अडथळा आहे का? झाड, भिंत?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

बाबलीने कचेरीतली मराठी बाहेर काढली. "अडथळा अजिबात नाही. उलट मी पावसाचा बंदोबस्त केलेला आहे. झाप घातला आहे."

"झाप म्हणजे काय, सर?"

"झाप म्हणजे... छत्रीची छत्री."

"सर, ते आधी काढा. डिशला मोकळं आभाळ लागतं."

"आणि भिजली तर?"

"भिजू दे ना, सर. ती बाहेरच ठेवायची वस्तू आहे."

शेवंतीने सगळं ऐकलं होतं. "सगळो पावसाळो त्या पावसाक गाळी घातलात! आणि करणी तुमची!"

"माका काय त्या चेडवाचा तोंड बघूचा नाय," बाबली म्हणाला. "छत्री दुरुस्त करूची आसा, म्हणान चढतंय." आणि संध्याकाळी, बातम्यांच्या तोंडावर, पाऊस घटकाभर थांबला असला तरी वारा माड वाकवत असताना त्याने शिडी लावली.

कोयतीने सुंभ कापताच झाप उडाला तो थेट शेजारच्या रामचंद्राच्या परसात. पण सबंध पावसाळा त्या झापात वारा भरून छत्रीचे नटबोल्ट ढिले पडले होते. ती लटकली. बाबलीने ती दोन्ही हातांनी उचलून धरली.

"इला?" तो खाली टीव्हीसमोरच्या शेवंतीला ओरडला.

"नाय! जरा वर! आणखी... इला! चेडू इला!"

त्याने हात काढला.

"गेला!"

पुन्हा धरली, पुन्हा चित्र आलं. तेव्हा बाबलीने छत्रीला मिठीच मारली. कौलांमधून जान्हवीचा आवाज वर आला, अगदी स्वच्छ मराठीत. किनारपट्टीवरच्या नागरिकांनी कृपया घराबाहेर पडू नये, असं ती सांगत होती. आज्ञा मोडणारा पहिला नागरिक तिचा बापच होता, आणि त्याच्या पायाखालचं कौल करकरत होतं.

विचारणार नाही, विचारणार नाही म्हणता त्याने विचारलंच. "गो शेवंती, कसा दिसता ता?"

"निळी साडी नेसलाहा! वायच बारीक झालाहा... अवो, तुमी खाली येवा, बघा तरी एकदा!"

बाबलीने छत्री आणखी घट्ट धरली.

"मी खाली इलंय तर ता जातला," तो म्हणाला.