दुरुस्ती: अधिक एकोणीस

प्रमाणरावांनी हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावले आणि डावा डोळा यंत्राच्या हवाली केला. यात आपला फायदा काय, हे त्यांनी चार वर्षांपूर्वीच जोखून ठेवले होते. रोज सकाळी सात मिनिटे बसायला मिळत. एरवी भिंगे जुळवणाऱ्याचा दिवस वाकूनच जातो. प्रयोगशाळेच्या प्रमुख, खुद्द मॅडम, विचारपूस करत. आणि मुख्य म्हणजे, प्रयोगशाळेतला काचेचा डोळा त्यांच्याच हातून फुटला होता, तो विषय पुन्हा कोणी काढत नसे.

यंत्र डोळ्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या थराची जाडी मोजायचे. काचबिंदूत हा थर झिजतो, आणि माणसाला पत्ता लागेपर्यंत बराच झिजून गेलेला असतो. यंत्र खरे बोलते की नाही, हे पाहायला रोज आधी माहीत असलेल्या जाडीचे काहीतरी मोजावे लागे. त्यासाठी तो काचेचा डोळा होता. तो फुटला, नवा यायला वर्ष लागणार होते.

"माझा घ्या की," ते तेव्हा म्हणाले होते, "हा हातातून पडायची भीती नाही."

त्यांचा आकडा आला शहाण्णव मायक्रॉन, जेमतेम केसाच्या जाडीचा. तेव्हापासून तोच डोळा प्रमाण मानला गेला, आणि त्यावरूनच नाव पडले. फुकटचा डोळा रोज वेळेवर हजर होत असल्यामुळे नवा मागवायचे मग राहूनच गेले.

"किती?" त्यांनी विचारले.

"पंच्याण्णव," नवी संशोधिका म्हणाली. तिला रुजू होऊन सहा महिनेच झाले होते.

"दिवा थकलाय. एक वाढवा."

दोन-अडीच महिन्यांनी एकदा असे व्हायचेच. यंत्रातला दिवा जुना होता. आकडा घसरला की दुरुस्तीत, म्हणजे यंत्र प्रत्येक मोजणीत भर घालते त्या आकड्यात, एक मिळवायचा, शहाण्णव आणायचे, आणि मग रुग्णालयाने तपासणीला पाठवलेली माणसे बसवायची. दुरुस्तीची आणि माणसांच्या आकड्यांची नोंद प्रमाणराव स्वतः वहीत करत, मोत्यासारख्या अक्षरात. आज त्यांनी लिहिले: अधिक एकोणीस.

लिहून झाल्यावर त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, तो कडेच्या बाहेर. कप फुटला.

"काका, या आठवड्यातला दुसरा."

"हल्ली टेबलंच आखूड करतात मेले."

दुपारी एक खोका आला. संशोधिकेने आल्या आल्याच मॅडमच्या मागे लागून नवा काचेचा डोळा मागवला होता. सोबतच्या कागदावर थराची जाडी लिहिली होती: शंभर. तिने तो यंत्रासमोर बसवला. आकडा आला एकशे एकोणीस. तिने काच पुसून पुन्हा मोजले. पुन्हा तेच.

"कागद दुसऱ्याच डोळ्याचा घातला असेल," प्रमाणराव म्हणाले.

 तिने दुरुस्तीच्या चौकटीत शून्य टाकून मोजले. शंभर. बरोबर शंभर.

मॅडम खुर्ची सरकवून जवळ आल्या. "तुम्ही बसता का जरा?"

ते बसले. हनुवटी, कपाळ, डावा डोळा. या वेळी आकडा कोणी मोठ्याने वाचला नाही, म्हणून त्यांनीच मान वळवून पडद्याकडे पाहिले. सत्त्याहत्तर.

"दिवा चांगलाय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"यंत्रातला म्हणताय ना?"

 प्रमाणरावांनी हनुवटीखाली घालायचा कागद फाडून त्याची बारीक घडी घातली आणि खिशात ठेवली.

जरा वेळाने मॅडमनी सांगितले, आजवर बसलेल्या प्रत्येकाच्या आकड्यातून त्या दिवशीची दुरुस्ती वजा करायची आणि कमी निघतील त्यांना परत बोलवायचे. वही संशोधिकेने उचलली होती, ती प्रमाणरावांनी मागून घेतली. अक्षर माझं आहे, म्हणाले.

ते वजा करत गेले. दोन वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर पेन्सिल थांबली. 'ताई, घरची. शहाण्णव.' त्या दिवशीची दुरुस्ती: अधिक दहा.

ताईला गल्लीतल्या डॉक्टरने काचबिंदूची शंका सांगून थेंब दिले होते. थेंब झोंबायचे. यांनीच तिला आणून बसवले, आणि आकडा पाहून टाळी वाजवली होती. "बघ! माझ्याएवढाच, एक मायक्रॉन इकडे नाही की तिकडे नाही. एका आईची लेकरं!"

त्यांनी फोन लावला.

"ताई, ते थेंब आहेत का गं अजून?"

"कुठले? ते होय! तेव्हाच टाकून दिले की. तूच म्हणालास ना, माझ्यासारखे डोळे आहेत."

"उद्या सकाळी ये. न्यायला येतो."

"ये बाबा. एकटीनं रस्ता नाही ओलांडता येत हल्ली. गाड्या एकदम अंगावरच येतात, कुठून येतात देव जाणे."

सकाळी त्यांनी काचेचा डोळा मोजला, शंभर पाहिले, आणि ताईला बसवले. तिने पदराने डोळा टिपला, हनुवटी टेकवली. पडद्यावर आकडा आला अठ्ठावन्न. संशोधिका खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"काय रे? तुझ्याएवढाच ना?"

प्रमाणराव हनुवटीचा कागद बदलत होते. तो एका फटक्यात निघेना.

"डॉक्टरकडे जायचंय, ताई. आत्ताच."

"अरे, पण आकडा?"

त्यांनी तिचा हात धरला आणि दाराच्या चौकटीतून तिला बाहेर नेले. दोघांचाही खांदा चौकटीला लागला.

शेवटी ज्याच्या त्याच्या वाट्याला आले ते असे. मॅडमचा या मोजण्यांवरचा शोधनिबंध वर्षभर मागे पडला. संस्थेला एक काचेचा डोळा घ्यावा लागला, जो चार वर्षांपूर्वीच घ्यायचा होता. प्रमाणरावांना आयुष्यभर रोज दोन थेंब. बाकीची किंमत ताईने भरली. आणि सगळ्यांत तिलाच तेवढा आकडा कुणी सांगितला नाही.